गेलेले परत आणताना

या सदरात मी सहसा ठेवी, वारसनोंद, विमा, कर्जफेड अशा प्रापंचिक हिशेबांविषयी लिहितो. या महिन्याचा विषयही हिशेबाचाच आहे. परंतु तो लिहावा की नाही, या विचारात दोन अंक निघून गेले. ज्याच्याविषयी लिहायचे त्या माझ्या भाच्याने मजकूर वाचून संमती दिली आणि एके ठिकाणी माझा आकडाही दुरुस्त करून दिला, तेव्हा मन निश्चिंत झाले.

गेल्या वर्षी माघातल्या एका रविवारी तो पुण्याहून न कळवता आला. संगणक अभियंता, वय २९, पगार चांगला, लग्नाची बोलणी चाललेली. जेवण झाल्यावर तो माडीवर माझ्या खोलीत आला, दार लोटले आणि उभ्यानेच म्हणाला, "मामा, मला दीड लाख रुपये हवेत. जूनपर्यंत परत करतो. आईला मात्र कळू देऊ नका."

बँकेच्या कर्जविभागात मी ३१ वर्षे काढली. मागणारा माणूस कारण सांगण्याआधी परतफेडीची तारीख सांगू लागला, की लेखणी खाली ठेवून त्याच्याकडे नीट पाहावे, एवढे त्या नोकरीने शिकवले. मी त्याला बसवले. हळूहळू सारे बाहेर आले. वर्षभरापासून तो मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळत होता. पहिले दहा महिने थोडे थोडे मिळत गेले. नंतर साडेतीन महिने सलग हार. चार लाख साठ हजार रुपये गेले होते.

"पण मामा, माझा खेळ वाईट नाही," तो म्हणाला. "हा पडता काळ आहे. चांगल्यातल्या चांगल्या खेळाडूंना येतो. हातात भांडवल राहिले तर यातून बाहेर पडता येते."

मला सांगावेसे वाटते, की त्याचे हे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. म्हणूनच ते अधिक घातक होते.

पोकर हा खेळ आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक नसेल, नसावाही. त्यातील जो प्रकार सर्वाधिक चालतो, त्यात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, पाच पत्ते सर्वांसाठी मध्ये उघडे पडतात आणि टप्प्याटप्प्याने पैसे लावले जातात. हातचे पत्ते कमकुवत असूनही धिटाईने पैसे लावून समोरच्याला डाव सोडायला लावता येते. त्यामुळे यात अक्कल लागते हे खरे. परंतु पत्ते कोणते येतील हे अक्कल ठरवत नाही. दोन एक्के हाती येण्याचा योग २२१ डावांत सरासरी एकदा. असे दोन एक्के घेऊन तुम्ही समोरच्या दोन राजांविरुद्ध सर्वस्व लावले, तर १०० पैकी साधारण ८२ वेळा तुम्ही जिंकाल. हे ऐकायला फार भक्कम वाटते. पण अशा चार लढती लागोपाठ जिंकण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी आहे. म्हणजे सर्वोत्तम पत्ते, अचूक निर्णय, तरीही चारांत एखादी हार ठरलेलीच समजावी.

पुढचा हिशेब त्यानेच मला कागदावर करून दाखवला. मुलगा हुशार आहे. डाव सुरू होण्यापूर्वी आळीपाळीने जी सक्तीची रक्कम टाकावी लागते तिला ब्लाइंड म्हणतात; तेच या खेळाचे माप. दर १०० डावांमागे सरासरी पाच मोठे ब्लाइंड मिळवणारा खेळाडू चांगला गणला जातो. पण त्याच १०० डावांतील चढउतार ८० ते १०० ब्लाइंडचा असतो. हे गणित १०,००० डावांवर नेले, तर ५०० ब्लाइंडची कमाई अपेक्षित आणि हेलकावा मात्र ९०० च्या घरात. म्हणजे खरोखर चांगले खेळणाऱ्या दहा जणांपैकी जवळजवळ तिघे १०,००० डावांनंतरही तोट्यातच असतील. एका वेळी चार-चार मेज उघडून खेळणाऱ्याला एवढे डाव व्हायला दीड-दोन महिने पुरतात.

मी तो कागद बराच वेळ पाहत राहिलो. मग विचारले, "हे जे तीन जण तोट्यात आहेत आणि जो मुळात वाईटच खेळतो म्हणून तोट्यात आहे, या दोघांना आतून काही वेगळे वाटत असेल का?"

तो गप्प झाला. दुर्दैव आणि दोष या खेळात एकाच चेहऱ्याने येतात. दुकानात तोटा आला तर माल, उधारी, भाव यांकडे बोट दाखवता येते. इथे वाईट खेळणाऱ्यालाही प्रत्येक हारीमागे एक दुर्दैवी पत्ता सापडतो, आणि तो पत्ता खरोखरच पडलेला असतो.

"पैशाचे नंतर बोलू," मी म्हणालो. "आधी खातेउतारे काढ. सगळ्या खात्यांचे."

त्या दुपारी आम्ही मामा-भाचे चार तास बसलो. तीन बँकखाती, एक क्रेडिट कार्ड, कर्ज देणारी दोन ॲप, एका मित्राची उसनवारी. प्रत्येक भरणा एका रकान्यात, प्रत्येक परतावा दुसऱ्यात. बेरीज आली तेव्हा त्याने ती तीनदा तपासली. निव्वळ नुकसान चार लाख साठ हजार नव्हते, सहा लाख त्र्याऐंशी हजार होते. त्यातील तीन लाख पंच्याण्णव हजार उसने. तो मला फसवत होता असे नव्हे. त्याला जिंकून काढलेल्या रकमा तारखेसह आठवत होत्या आणि भरलेल्या रकमा एकमेकींत विरघळून गेल्या होत्या. कर्जविभागात असताना मोठमोठ्या व्यापाऱ्यांचे असे झालेले मी पाहिले आहे.

शिवाय या धंद्याचा स्वतःचा वाटा वेगळाच. प्रत्येक डावातील जमलेल्या रकमेतून चालवणारी कंपनी काही टक्के कापून घेते. त्याला रेक म्हणतात. हरणारा हरतो, जिंकणाराही थोडा कमी जिंकतो. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर उगमापाशीच कापला जाऊ लागला आणि हार मात्र पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. हे सारे धरून समोरच्यांपेक्षा नुसते थोडे चांगले असणे पुरत नाही. हा भाग त्याच्या कागदावर नव्हता.

मग मी आणखी एक रकाना पाडला: वेळ. साडेतीन महिन्यांत पैसे भरल्याच्या ६३ नोंदी होत्या. त्यांतील ४४ रात्री ११ ते पहाटे ३ च्या दरम्यानच्या. (मी ४१ लिहिले होते, हाच तो त्याने दुरुस्त केलेला आकडा.) आणि सर्वांत मोठ्या रकमा आधीची रक्कम संपल्यावर दहा मिनिटांच्या आत भरलेल्या. पहिल्यांदा दोन हजार, मग पाच, मग पंधरा. या खेळात याला टिल्ट म्हणतात. जुन्या पिनबॉलच्या यंत्राला चिडून हलवले, की ते खेळ थांबवी आणि 'टिल्ट' अशी पाटी उजळे. तिथून हा शब्द आला. यंत्र निदान थांबत तरी असे.

तो रकाना पाहून त्याचा चेहरा प्रथमच उतरला. पत्त्यांना दोष देता येईल असे त्यात काही नव्हते.

"आजी म्हणते तसा अशुभ कर्माचा उदय असेल, मामा," तो अगदी हळू म्हणाला.

आपल्याकडे हा शब्द फार सोयीने वापरला जातो, म्हणून मी त्याला थांबवले. पत्ते वाईट आले, त्याला हवे तर उदय म्हण. पण पहाटे दोन वाजता, हात थरथरत असताना, कार्डावरून पंधरा हजार भरले तो उदय नव्हता. तो नवा बंध. उदय आणि बंध यांतला भेद आपल्याकडे पाठशाळेतली मुलेसुद्धा सांगतात, आणि मोठेपणी आपणच त्यांची गल्लत करतो.

बाहेरून पाहणारा म्हणेल, लोभ. माझे मत निराळे आहे. पहिल्या दहा महिन्यांत लोभ होता. हारीच्या साडेतीन महिन्यांत लोभ फार थोडा उरला होता. तिथे मान होता. मी चांगला खेळतो हे सिद्ध व्हायला हवे, एवढेच त्याला हवे होते, आणि सिद्ध करण्याचे साधन एकच, गेलेले परत आणणे. मानाच्या पाठोपाठ क्रोध आला आणि दोघांना झाकायला माया. घरी फोनवर 'जेवलो, झोपतो' म्हणायचे आणि मेज उघडायचे.

श्रावकाचारात सप्तव्यसनांची नावे घेताना द्यूत प्रथम येते आणि उदाहरण म्हणून धर्मराजाचे नाव. या कथेतील एक जागा मला नेहमी अस्वस्थ करते. महाभारतात पहिल्या द्यूतात सर्वस्व गेल्यावर धृतराष्ट्राने पांडवांना सारे परत दिले होते. राज्य, धन, स्वातंत्र्य, सर्व काही. ते इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागलेही होते. पुन्हा बोलावणे आले आणि युधिष्ठिर मागे फिरून दुसऱ्यांदा फाशांसमोर बसला. बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास हे त्या दुसऱ्या खेळाचे फळ. गेलेले परत मिळाले की माणूस थांबतो, हा भाच्याचा सारा युक्तिवाद या कथेपुढे टिकत नाही. त्याने ती कथा लहानपणी माझ्याच मांडीवर ऐकली होती.

दीड लाख मी दिले नाहीत. "आईला कळू देऊ नका" ही अटही मानली नाही. मात्र सांगायचे त्याने स्वतः, मी शेजारी बसेन, असे ठरले. त्याच संध्याकाळी आम्ही इचलकरंजीला गेलो. माझे मेहुणे यंत्रमागाचे कारखानदार, मितभाषी. त्यांनी चष्मा लावून हिशेबाचा कागद दोनदा वाचला आणि विचारले, "या ॲपवाल्यांचे व्याज किती टक्के?" एवढेच. बहीण मात्र आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. तिला पैशाचे दुःख नव्हते. पुढच्या महिन्यात सुपारी फुटायची होती.

मुलीकडच्यांना सांगायचे की नाही, यावर त्या घरात आठ दिवस वाद झाला. नातेवाइकांपैकी दोघांनी तर 'लग्नानंतर आपोआप सुटते' असा सल्ला दिला. असे सल्ले देणाऱ्यांना त्या मुलीच्या जागी आपली लेक बसवून पाहावी असे का वाटत नाही, मला समजत नाही. शेवटी भाच्याने स्वतः जाऊन सांगितले. बोलणी तिथेच थांबली. त्या लोकांनी कुठे वाच्यता केली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

फेडीची व्यवस्था सरळ होती. पतसंस्थेतून चार लाखांचे कर्ज, वडील जामीन, १२ टक्के व्याज, ३६ हप्ते, दरमहा १३,२८६ रुपये. त्यातून ॲपची दोन्ही कर्जे, कार्ड आणि मित्राचे पैसे एकाच दिवशी फिटले. वडिलांना ती रक्कम ठेव मोडून भरता आली असती. मी नको म्हटले. कुणी एकदम भरपाई केली की हाराची आठवण पुसते आणि वाट मोकळी होते. क्रेडिट कार्ड बंद केले, यूपीआयची दैनंदिन मर्यादा अगदी कमी केली, पगाराच्या खात्यावर आईचे नाव जोडले. एवढे झाले तरी रात्रीचे ११ वाजायचे राहत नाहीत. त्या वेळेचे काय करायचे, हा खरा प्रश्न होता.

त्यासाठी डॉक्टर लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत जुगाराचा विकार स्वतंत्रपणे नोंदलेला आहे आणि व्यसनांच्याच गटात त्याची गणना आहे. उपचार बोलण्याचे, सवयी बदलण्याचे असतात, गरज पडल्यास औषधांचेही. शासनाची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा आहे. त्याने पहिला फोन तिथेच केला, मला न सांगता, एका रात्री पाऊण वाजता. पुढे पुण्यातील एका मनोविकारतज्ज्ञांकडे तो नियमित जाऊ लागला. आपल्या घरांत मधुमेहाची गोळी सर्वांसमोर घेतात आणि या डॉक्टरांचे नाव मात्र दबक्या आवाजात. तेही बदलायला हवे.

ऑगस्टमध्ये निराळीच परीक्षा आली. ऑनलाइन पैशाचे खेळ बंद करणारा कायदा संसदेने केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा वादच या कायद्याने बाजूला ठेवला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटले होते आणि त्या आधारावर हा सारा व्यवसाय उभा होता. पोकरविषयी उच्च न्यायालयांची मते एकसारखी नव्हती, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवले होते. नव्या कायद्यात शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला नाही. मोठ्या कंपन्यांनी काही दिवसांतच पैशाचे डाव बंद केले.

आम्ही सारे निर्धास्त झालो आणि तीच चूक झाली. दशलक्षणात, उत्तम आर्जवाच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "मामा, काल रात्री पाच हजार भरले. बाहेरच्या देशातली साइट आहे. गेले." दार कायमचे बंद होणार या विचारानेच त्याला शेवटचे एकदा आत डोकावावेसे वाटले होते. मी रागावलो. नंतर मनात आले, सहा महिन्यांपूर्वी हा मुलगा सहा लाख लपवत होता आणि आज पाच हजार दुसऱ्या सकाळी सांगतो आहे. त्याने वहीत नोंद केली, डॉक्टरांना सांगितले आणि वडिलांनाही सांगितले.

दिवाळीत आणखी एक. त्याच्या कार्यालयातील मित्राने शेअर बाजारातील ऑप्शनचे व्यवहार सुचवले. कायदेशीर आहे, अभ्यासाचे आहे, घरच्यांनाही चालते. आपल्या व्यापारी समाजात याला कुणी जुगार म्हणत नाही, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री 'शकुनापुरती' तीन पत्ती खेळणाऱ्या घरांना म्हणायचा अधिकारही नाही. मी त्याला सेबीचा सप्टेंबर २०२४ मधील अहवाल वाचायला दिला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सर्वांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. त्याने तो वाचून परत दिला आणि म्हणाला, "मामा, हे ९३ टक्केसुद्धा स्वतःला उरलेल्या सातांतले समजत असतील." मी काही बोललो नाही.

रशियन कादंबरीकार दस्तयेवस्की याची गोष्ट मी त्याला मुद्दाम सांगितली होती. जुगारापायी तो अनेकदा धुळीला मिळाला. 'जुगारी' ही कादंबरी त्याने १८६६ मध्ये देण्यांच्याच धाकाने २६ दिवसांत तोंडी सांगून लिहून घेतली. लिहून घेणारी ॲना पुढे त्याची पत्नी झाली. त्यानंतरही तो चार-पाच वर्षे खेळत राहिला आणि १८७१ मध्ये थांबला, तो हरूनच थांबला. गेलेले त्याने फाशातून परत आणले नाही. ॲनाने घरी बसून त्याची पुस्तके छापली, विकली, एकेक सावकार गाठला आणि मिटवला. भाच्याने गोष्ट ऐकून विचारले होते, "किती वर्षे लागली?" पुष्कळ, मी म्हणालो.

पतसंस्थेचे ११ हप्ते झाले, २५ राहिले. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तो गावी येतो, हप्त्याची पावती आणि खातेउतारा माझ्यासमोर ठेवतो. पहिले काही महिने मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत असे. या महिन्यात चष्मा सापडेना म्हणून मी त्यालाच वाचायला सांगितले. दूध, भाडे, डॉक्टर, रेल्वेचे तिकीट, आईला पाठवलेले दोन हजार. वाचून झाल्यावर कागदाची घडी करून तो म्हणाला, "मामा, पुढच्या शनिवारी येऊ का? एका ठिकाणी पाहायला जायचे आहे. त्यांना फोनवर सगळे सांगितले आहे. तरी या म्हणाले."

सूर्यास्ताला अर्धा तास होता. आईने त्याचे ताट वाढायला घेतले.